ओव्हन नको, पण माप हवे

मैत्रिणींनो, दिवाळीत नानखटाईचे ट्रे भट्टीवर भाजून आणायचे, ही आपल्या आयांच्या वेळची रीत. मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप! आता घरच्या घरी, भट्टीवाचून होणारे पौष्टिक गोड सुचवा म्हटले, की उत्तर ठरलेले असते. साखर काढा, गूळ नाहीतर खजूर घाला. झाले पौष्टिक!

इथेच मला थोडे बोलायचे आहे. गूळ म्हणजेही बहुतांश साखरच. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर तेवढ्याच गुळात साडेतीनशेच्या वर. गुळात लोह असते खरे, पण एका लाडवातून ते कितीसे मिळणार? खजुरातही निम्म्याहून जास्त साखर. सोबत चोथा असतो, एवढेच. आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. "अगं, गुळाचंच आहे ना, मग पथ्याचंच की!" म्हणत त्या दुसऱ्या लाडवाला हात घालतात, तेव्हा नाही म्हणणे जिवावर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चहाच्या चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. गूळही त्यातच धरायचा. चहातच निम्मी संपते, बरं का!

तेव्हा गोड बदलण्यापेक्षा गोडाचा वाटा कमी करावा आणि लाडू लहान वळावा. वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून जाडसर कुटावेत. मिक्सर वापरलात तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. पाव वाटी तीळ भाजून घ्यावेत. पाव वाटी नाचणीचे पीठ चमचाभर तुपावर वास सुटेपर्यंत परतावे. नाचणी आणि तीळ दोन्हींत कॅल्शियम भरपूर. २०० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर (रमजानच्या सुमारास शहागंजात हवा तसा निवडून मिळतो) उकलून, आत कीड नाही ना ते पाहून, हातानेच कुस्करावा. सगळे वेलदोड्याच्या पुडीबरोबर एकजीव करून छोट्या लिंबाएवढे लाडू वळावेत. पंचवीसेक होतात. एकात चमचाभराच्या आसपास साखर जाते. मोजता येते, हाच याचा फायदा! सासूबाईंचा लाडू मी डॉक्टरांना विचारून ठरवला आहे: एकच, तोही जेवणातली अर्धी पोळी कमी करून.

मुलांच्या डब्यासाठी आपला मराठवाड्यातला मलिदा का विसरायचा? ताज्या बाजरीच्या भाकरीचा गरम असतानाच चुरा करावा, चमचाभर तूप आणि थोडासाच गूळ घालून मळावा. शाळेत मधल्या सुट्टीत क्रीमच्या बिस्किटांचे पुडे फुटताना रोज बघते, म्हणून सांगते. मलिद्याला खर्च जवळजवळ नाहीच. मात्र तो त्याच दिवशी संपवावा.

शेंगदाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या. त्यातले विष भाजल्याने जात नाही. आणि एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात लाडू आठवड्यापुरतेच करावेत. दाणे आणि तीळ लवकर खवट होतात.