विहारात बसल्यावर पाय का अवघडतात?



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, अनेक विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. वंदना होईपर्यंत सगळे नीट बसतात. वाचनाची दोन-चार पाने झाली की चुळबूळ सुरू होते. कोणी पाय पसरतो, कोणी भिंत गाठतो. एखाद्या मावशी हळूच उठून चपला शोधतात आणि दुसऱ्या दिवसापासून येतच नाहीत. विचारले तर म्हणतात, “वय झालं, बाबा.”

दरवेळी वयालाच दोष देऊ नये. मी कारकून माणूस, दिवसभर खुर्चीवर. मांडी घातली की माझे गुडघे वर उभे राहायचे. खुर्चीची सवय लागली, जमिनीवरचे बसणे सुटले, की खुबा आणि जांघेपासून गुडघ्याकडे येणारे मांडीच्या आतले स्नायू आखडतात. खुबा मोकळा नसला की ताण गुडघ्यावर येतो. म्हणून गुडघा हाताने दाबून खाली नेऊ नये.

चालून आल्यावर, अंग गरम असताना सतरंजीवर बसा. चादरीची जाड घडी बुडाखाली घ्या, पाठ भिंतीला टेकवा. दोन्ही तळपाय एकमेकांना जोडा, टाचा अंगापासून वीत-दीड वीत लांब ठेवा. गुडघे आपल्याच भाराने बाजूला सोडा. श्वास चालू ठेवून 20 ते 30 सेकंद थांबा. पाय मोकळे करून पुन्हा करा, असे तीन वेळा. मुले पाहून हसतात आणि गुडघे फुलपाखरासारखे फडफडवून दाखवतात; आपण तसे हिसके देऊ नयेत. ओढ जाणवली तर ठीक, कळ आली तर थांबावे. खाली बसणे जमत नसेल त्यांनी खाटेवर उताणे पडून, गुडघ्यांखाली उशा घेऊन हेच करावे. आठवड्यातून चार-पाच दिवस केले तर काही आठवड्यांत फरक कळतो. घाई केली तर जांघ भरते आणि व्यायाम तिथेच सुटतो.

आता महत्त्वाचे. विदर्भात आपल्या समाजातही सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात खुब्याच्या गोळ्याला रक्त कमी पडून हाड खराब होऊ शकते, तेही तरुणपणी. घरात सिकलसेल असेल आणि मुलगा किंवा मुलगी जांघ दुखते म्हणत असेल, लंगडत असेल, तर त्याला व्यायामाला लावू नका. आधी सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी व गरोदर भगिनींनीही विचारूनच करावे.

तोपर्यंत मावशींसाठी विहारात चार खुर्च्या ठेवायला काय हरकत आहे? आमच्या विहारात खुर्च्या आल्या, दोन लोडही आले. लोडांवर सध्या लहान मुलेच बसतात, पण मावशी पुन्हा वाचनाला येऊ लागल्या आहेत.