दिसण्याची हमी आणि समाधानाचा अर्थ

गोव्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिन-सफरींच्या फलकांवर ‘नो डॉल्फिन, नो पे’ ही घोषणा अनेक वर्षे दिसत आली आहे. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे द्यावयाचे नाहीत. वरवर पाहता हा ग्राहकाशी केलेला अत्यंत प्रामाणिक करार आहे. परंतु या करारात एक तिसरा पक्षही आहे आणि त्याची संमती कोणी घेतलेली नाही. हमी देतो नावाडी, हमी घेतो पर्यटक, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी मात्र पडते डॉल्फिनवर.

साहित्याच्या अभ्यासकांनी सागरी पर्यटनाची चर्चा का करावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की या व्यवसायाची मूळ अडचण मला भाषेची वाटते, आणि ती ज्या शब्दात दडली आहे तो शब्द आहे ‘समाधान’.

पर्यटनशास्त्रात समाधानाची रूढ व्याख्या सरळ आहे. अपेक्षा आणि अनुभव यांची तुलना करावी. अनुभव अपेक्षेइतका वा तिच्याहून सरस ठरला तर पाहुणा समाधानी, उणा पडला तर असमाधानी. ही व्याख्या मान्य केली, तर पाहुण्याला संतुष्ट करण्याचे दोनच मार्ग उरतात. एक, अनुभव वाढवणे. दुसरा, अपेक्षा घडवणे. पहिल्या मार्गाचा भार प्राण्यावर पडतो: होडी आणखी जवळ न्यायची, इंजिनाचा वेग वाढवायचा, एका कळपाभोवती पाच-सहा होड्यांचे कडे करायचे. दुसऱ्या मार्गाचा भार पडतो तो शब्दांवर. जाहिरात काय म्हणते, माहितगार वाटेत काय सांगतो, पाहुणा कोणती गोष्ट मनात घेऊन होडीत चढतो, यांवर त्याची अपेक्षा ठरते.

हान्स रॉबर्ट याऊस या जर्मन समीक्षकाची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना आपल्या वाचकांना परिचित आहे. वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडीत नाही. आधीच्या वाचनाने घडलेल्या अपेक्षा घेऊनच तो येतो. त्या अपेक्षा जशाच्या तशा पुरवणारी कृती याऊसच्या मते करमणुकीच्या जवळ जाते, तर श्रेष्ठ कृती ते क्षितिजच सरकवते. छायाचित्रांतला उसळी मारणारा डॉल्फिन पाहून आलेला प्रवासी हाही असाच वाचक होय. आपल्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने दिसतो तो कुबडा डॉल्फिन, आणि तो बहुधा श्वासापुरती पाठ दाखवून पाण्याखाली जातो. छायाचित्राशी तुलना केली तर ही निराशाच. पण उथळ किनारी पाण्याला धरून राहणारी ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणली गेली आहे, हे ज्याला आधी कळले आहे, त्याला ती क्षणभर दिसलेली करडी पाठ पुरते.

एकाच प्राण्याच्या दोन कहाण्या येथे उद्बोधक ठरतील. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, आणि निरुपद्रवी. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निंगालू येथे त्याच्यासोबत पोहण्याचा व्यवसाय परवान्यांवर चालतो. एका वेळी एका माशाजवळ दहाहून अधिक पोहणारे उतरू शकत नाहीत. स्पर्श वर्ज्य, ठरावीक अंतर सक्तीचे. मासा शोधण्यासाठी विमान फिरते, पण माशाला आमिष दाखवले जात नाही. तो नाहीच आढळला, तर काही व्यावसायिक पाहुण्याला पुन्हा एक फेरी देऊ करतात. म्हणजे हमी येथेही आहे, पण ती माणसाने माणसाला दिलेली आहे. याउलट फिलिपाइन्समधील ओस्लोब येथे 2011 पासून व्हेल शार्कला रोज सकाळी बारीक कोळंबी चारण्यात येऊ लागली. तेथे निराश होण्याची शक्यता जवळजवळ उरली नाही. गावातल्या मच्छीमारांच्या हाती पैसा आला, हेही खरे. मात्र मुळात दूरवर भटकणारे काही मासे महिनोन्महिने तेथेच रेंगाळू लागले आणि होड्यांना सरावले. पाहुण्यांच्या समाधानाचा आकडा हीच कसोटी मानली, तर ओस्लोबला नावे ठेवायला जागा राहत नाही. म्हणूनच ती कसोटी अपुरी आहे.

आपल्याकडे दुसऱ्या मार्गाचे उदाहरण आहे, आणि ते घरचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये तेथे सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. ज्या किनाऱ्यावर अंडी उकरून नेली जात, तेथे ती कुंपणाच्या आत जपली जाऊ लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. सुमारे दीड-दोन महिन्यांनी अंडी फुटतात, पण नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही. पाहुणे सकाळ-संध्याकाळ दोरीपलीकडे उभे राहतात, टोपली उचलली जाते, आणि कधी तिच्याखाली नुसती वाळू असते. तरीही माणसे येत राहतात, कारण तेथील वाट पाहण्याला गोष्टीची जोड आहे.

अर्थात वेळासही मोहापासून मुक्त नाही. पिल्ले निसर्गतः बहुधा रात्री वाळूबाहेर येतात, आणि त्यांच्या अंगात पहिल्या प्रवासापुरती शिदोरी मोजकीच असते. पाहुण्यांच्या सोयीची वेळ होईपर्यंत त्यांना रोखून धरणे ही त्या शिदोरीची चोरी होय. महोत्सव जितका गाजेल तितका हा मोह बळावेल. म्हणून ज्या दिवशी दाखवण्यासारखे काही नसेल, त्या दिवशी तसे स्वच्छ सांगण्याचे धैर्य हीच कोणत्याही व्यवस्थापनाची परीक्षा आहे.

एक आक्षेप येथे घ्यायला हवा. ‘अपेक्षा घडवा’ म्हणजे पाहुण्याला थोडक्यात गप्प बसवा, असा अर्थ होऊ नये. जीवरक्षक जाकिटे, स्वच्छ स्वच्छतागृहे, रास्त दर आणि खरी माहिती यांबाबत तडजोड नको. त्याचप्रमाणे सारा संयम नावाड्यावर लादणेही अन्यायाचे आहे. त्याचा धंदा पावसाळ्यात बंद असतो. रिकाम्या फेरीचे डिझेल त्याच्याच खिशातून जात असेल, तर तो होडी कळपात घुसवणारच. म्हणून तिकीट डॉल्फिनचे नव्हे तर समुद्रफेरीचे असावे, आणि होड्यांच्या संख्येला बंधन असावे. न्यूझीलंडमध्ये देवमाशापासून 300 मीटरच्या आत एका वेळी तीनहून अधिक नौकांना मज्जाव आहे. असा नियम आपल्याकडे अशक्य का मानावा?

मराठीत ‘समाधान’ या शब्दाला दोन छटा आहेत. मनाचे समाधान होते, तसेच शंकेचेही समाधान होते. पहिल्यात काही मिळते, दुसऱ्यात काही कळते. पर्यटनाच्या प्रश्नावल्या पहिल्याचीच मोजदाद करतात: किती दिसले, किती जवळून दिसले, पुन्हा याल का? त्यात ‘आज आपल्याला नवे काय कळले?’ एवढा एक प्रश्न वाढवला, तरी व्यवस्थापनाची दिशा बदलेल, कारण त्याचे उत्तर प्राण्याच्या दिसण्यावर अवलंबून नसते. आणि तो प्रश्न विचारावयाचा, तर होडीत सांगायला काही असावे लागेल. हा मजकूर कोणी लिहायचा? किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विभागांनी तो लिहावा, आणि नावाड्यांच्या व गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहावा. आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय मिळणे कठीण आहे.