काही न करणारा ढग

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड असते, गावाकडच्यांना फोनवरून शेती शिकवायची. मलाही होती. मार्च २०१४ च्या गारपिटीत आमची निफाडची द्राक्षबाग भुईसपाट झाली, तेव्हा मी लॉस एंजेलिसमध्ये बसून आप्पांना ऐकवत होतो, "थॉमसन काढा आणि वाइनची द्राक्षं लावा. कॅलिफोर्नियाला जमतं, मग आपल्याला का नाही?" आप्पा नुसतं "बघू" म्हणायचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये आई-आप्पा इकडे आले. त्यांना घेऊन ब्युएल्टनहून लोंपोककडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. हा सांता बार्बरा काउंटीतला सांता रिटा हिल्सचा भाग. (२००४ चा 'साइडवेज' बघितलेल्यांना आठवेल. पिनो नुआरचं खूळ त्या सिनेमानेच वाढवलं.) कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे डोंगर साधारण उत्तर-दक्षिण, समुद्राला भिंत घातल्यासारखे. इथे मात्र ते पूर्व-पश्चिम पसरलेत, म्हणून खोऱ्याचं तोंड थेट पॅसिफिककडे उघडं. पाणी थंडगार. सकाळी धुकं आत शिरतं, मग लख्ख ऊन, आणि दुपारनंतर असा वारा की आईने पदर डोक्यावरून घेतला. तिथले लोक म्हणतात, समुद्रापासून आत जाताना मैलामागे एक अंश फॅरनहाइट वाढतो. उन्हात साखर भरते, गारव्यात आंबटपणा टिकतो. १९७१ मध्ये सॅनफर्ड आणि बेनेडिक्ट या दोघांनी इथे पिनो लावली ती हे ओळखूनच.

पण आप्पांचं लक्ष धुक्यावर. द्राक्षवाल्याला ढग म्हणजे डावणी, म्हणजे रातोरात फवारणी.

"हा ढग काही करीत नाही का रे?"

नाही करत. मे ते ऑक्टोबर इथे पाऊस जवळजवळ नसतोच, त्यामुळे डावणी नाही. भुरी मात्र येते, आणि तिच्यासाठी गंधकच मारतात, हे ऐकून आप्पांना जरा बरं वाटलं. मग म्हणाले, "रात्री झोप लागत असंल यांना."

तिथे मी गप्प झालो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. साखर भरायची वेळ येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकं ऊन चढत असताना, आणि त्यातच अवकाळी. नाशिकला वाइन होते, चांगलीही होते. पण ती तिथल्या हवेशी झगडून होते, आणि त्या झगड्याचं कर्ज कुणाच्या नावावर असतं हे फोनवरून सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसतं. माझ्या नावावर तर सातबाऱ्यावरची एक ओळसुद्धा नाही. "त्यांना जमतं मग आपल्याला का नाही" म्हणणाऱ्याने ऑगस्टातल्या दुपारी चार वाजता तिथे उभं राहावं, स्वेटर घालून.

असो. टेस्टिंग रूममध्ये आप्पांनी ग्लास हुंगला आणि खाली ठेवला. मला म्हणाले, विचार त्याला, एकरी किती निघतात. पोऱ्या म्हणाला, दोन-तीन टन.

"बस्स? आपले दहा निघतात की!" आप्पा खूश.

मग त्यांनी टनाचा भाव विचारायला सांगितला. तो मी त्या पोऱ्याला विचारलाच नाही.