चित्र पाहावे कसे?

१९७२ साली बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर जॉन बर्जर यांची ‘वेज ऑफ सीइंग’ ही चार भागांची मालिका झाली. आरंभीच ते बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनस आणि मार्स’ या चित्राच्या प्रतिकृतीवर सुरी चालवून व्हीनसचे मुख तेवढे कापून घेतात. कॅमेराही हेच करतो, असे त्यांचे सांगणे. भिंतीवरचे चित्र सबंध दिसते. पडद्यावर मात्र दुसऱ्याने निवडलेले तेवढेच दिसते. सोबतचे संगीत बदलले की भावही पालटतो.

पुढे ते काराव्हाज्जोचे ‘एम्माउस येथील भोजन’ शाळकरी मुलांपुढे ठेवतात. त्यातील प्रभू येशूस दाढी नाही. हा पुरुष की स्त्री, असा मुलांत वाद होतो. चित्रात जे दिसले, तेच ती बोलतात.

हे पाहून आम्ही अंतर्मुख झालो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही चित्र दाखवतो, पण अर्थ आधीच सांगून टाकतो! बर्जर तर आपल्या मांडणीकडेही प्रेक्षकांनी चिकित्सक दृष्टीने पाहावे, असे बजावतात.

वाचकहो, येत्या रविवारी वेदीवरील चित्रापुढे आपल्या मुलांना उभे करा आणि विचारा, “बाळांनो, काय दिसते?” उत्तर मात्र त्यांनाच देऊ द्या.