बोटे कुरकुरू लागली म्हणून गिटार ठेवून द्यायची?

तरुणपणी गिटार वाजवणारी एक मोठी पिढी आता साठी-सत्तरीच्या घरात आली आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, ऑर्केस्ट्रात, चर्चमधील गायनाच्या साथीला किंवा नुसतेच गच्चीवर बसून ज्यांनी तारा छेडल्या, त्यांनी नोकरी-संसाराच्या धबडग्यात ती गिटार कपाटावर टाकली. निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने ती खाली उतरली, धूळ पुसली गेली, नव्या तारा चढल्या. मग ध्यानात आले की, हात पूर्वीचे राहिलेले नाहीत. साधी ‘एफ’ कॉर्ड धरताना अंगठ्याच्या मुळातून कळ येते. करंगळी सांगितलेल्या जागी पोहोचत नाही. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते. घरातली माणसे म्हणतात, ‘‘आता पुरे झाले, जरा वयाकडे पाहा.’’ आणि गिटार पुन्हा कपाटावर जाते. ही घाई अनेकदा अनाठायी असते.

अमेरिकेतील लेस पॉल यांची हकिकत या बाबतीत मुद्दाम जाणून घेण्यासारखी आहे. १९१५ साली जन्मलेल्या या वादकाच्या नावाने गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये काढलेली विजेची गिटार आजही विकली जाते. जानेवारी १९४८ मध्ये ओक्लाहोमा राज्यात त्यांची मोटार रस्ता सोडून खाली कोसळली आणि उजव्या हाताच्या कोपराचा चुराडा झाला. हा सांधा पुन्हा हलणार नाही, हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरांना विनंती केली की, हात कायमचा अशा कोनात बसवा, ज्यात तो गिटारच्या तारांवर राहील. डॉक्टरांनी तसेच केले. सावरायला दीडएक वर्ष गेले. पत्नी मेरी फोर्ड यांच्यासोबतची त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रणे या अपघातानंतरची, त्याच न वाकणाऱ्या हाताने वाजवलेली आहेत.

पण त्यांची खरी परीक्षा म्हातारपणी झाली. संधिवाताने बोटे आखडत गेली आणि बरीचशी बोटे वाजवण्याच्या कामातून बाद झाली. तरीही १९८४ पासून न्यूयॉर्कच्या एका लहानशा क्लबात आणि १९९६ पासून दुसऱ्या क्लबात ते दर सोमवारी रात्री वाजवत राहिले. २००९ मध्ये वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर हा नेम जवळजवळ अखंड चालला होता. जी बोटे उरली, त्यांच्यासाठी त्यांनी वादन नव्याने बसवले. मधल्या वेळेत श्रोत्यांशी थट्टामस्करी केली, पाहुण्या वादकांना पुढे केले. जुना वेग परत आणण्याच्या हट्टाला पेटले असते, तर हे सोमवार फार दिवस टिकले नसते.

बोटे गमावूनही वाजवणाऱ्यांत जँगो राइनहार्ट यांचे नाव नेहमी घेतले जाते. १९२८ मध्ये त्यांच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. पुढचे वेगवान वादन त्यांनी मुख्यतः दोन बोटांवर केले. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. निराश होऊन बसलेल्या या मुलाला कारखान्याच्या फोरमनने राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली, आणि मग सांगितले की, हा माणूस दोन बोटांनी वाजवतो. आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा चढवल्या. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, त्याच गावात ब्लॅक सॅबथच्या निरोपाच्या कार्यक्रमात ते वाजवताना दिसले.

तथापि, अपघात एका क्षणात होतो आणि माणूस लगेच डॉक्टरांकडे जातो. वयाची दुखणी दबक्या पावलांनी येतात, म्हणून अंगावर काढली जातात. एरिक क्लॅप्टन यांना मज्जातंतूंच्या विकाराने वाजवणे जड जाऊ लागले, हे त्यांनी २०१६ मध्ये सांगितले. विकार ओळखला गेल्यामुळे ते त्याच्याशी जमवून घेऊ शकले आणि पुढेही कार्यक्रम करत राहिले.

सर्वसामान्य वादकानेही प्रथम दुखण्याचे नाव जाणून घ्यावे. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर बहुधा त्या सांध्याची झीज झालेली असते. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, ही तक्रार फार आढळते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याचा संभव अधिक. या दुखण्याला कार्पल टनेल म्हणतात. बोट वाकवल्यावर अडकते आणि खटकन सुटते, ही कंडरेची तक्रार आहे. शेवटच्या दोन्ही दुखण्यांचा मधुमेहाशी संबंध असू शकतो, तेव्हा रक्तातली साखर तपासून घेणे शहाणपणाचे. कार्पल टनेलमध्ये सुरुवातीला रात्री मनगटाला आधारपट्टी बांधूनही पुष्कळदा आराम पडतो. मात्र अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट होऊ लागला, तर थांबू नये. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवायला बसणे ही तर सर्वांत वाईट सवय. दुखणे तसेच राहते, फक्त त्याचा इशारा बंद होतो.

घरातल्या अपघातांचेही तेच. विळीवर किंवा फुटलेल्या काचेने बोट कापले आणि जखम लहान दिसली, तरी बोट नेहमीसारखे वाकत किंवा सरळ होत नसेल, तर आतली कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी हळद दाबून चार दिवस वाट पाहणे महागात पडते. पडल्यावर मनगट मोडून प्लॅस्टर घातले असेल, तर मोकळी राहिलेली बोटे डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज हलवत राहावे. हाड जुळते, पण आखडलेली बोटे सुटायला कित्येक आठवडे लागतात.

एवढे झाल्यावर नजर गिटारकडे वळवावी, कारण निम्मा दोष तिचाच असतो. तारा फ्रेटपासून फार उंच असतील, तर त्या दाबायला विनाकारण जोर लागतो. दमट हवेत लाकूड फुगून तारा आणखी वर उचलल्या जातात. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या वादकाची बोटे जास्त दुखतात, त्यात संधिवाताबरोबर गिटारचाही हात असतो! चांगल्या कारागिराकडून तारांची उंची कमी करून घेतली, तर हातात जणू दुसरेच वाद्य आल्यासारखे वाटते. स्टीलच्या गिटारवर पहिली तार १२ ऐवजी १० नंबरची घेऊन बाकीचा संच त्याच मानाने हलका निवडावा. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, तर पट्टी तीच राहते आणि ताण घटतो. नायलॉनच्या तारा त्याहून मऊ. मात्र त्या त्यांच्यासाठी बनवलेल्या गिटारवरच लावाव्यात.

जोराचेही एक मोजमाप आहे. बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवून तार वाजवावी आणि दाब हळूहळू कमी करत जावा. आवाज खरखरू लागला की, त्याच्या किंचित अलीकडे थांबावे. बहुतेकांना कळून येते की, इतकी वर्षे आपण कितीतरी जास्त जोर लावत होतो. सहाही तारांवर तर्जनी आडवी टाकायची कॉर्ड जमत नसेल, तर तिच्यातल्या तीनच तारा वाजवाव्यात. ऐकणाऱ्याला फरक कळला, तर तो स्वतः गिटार वाजवणारा समजावा. पट्टा लावून किंवा डाव्या पायाखाली लहान पाट ठेवून गिटार उंच धरली, की मनगट कमी मुडपते. बसण्याआधी कोमट पाण्यात हात बुडवावेत. (मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याकडून पाहून घ्यावे.) एकदम तासभर वाजवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या तीन बैठका बऱ्या.

एवढे करूनही डाव्या हाताने दाबणे अशक्यच झाले, तर मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार आहे. हिच्यात तार फ्रेटवर दाबावी लागत नाही, धातूचा दांडा तारांवरून फिरवायचा असतो. आपल्या देशात हिची परंपरा चांगली भरभक्कम आहे. कोलकात्याच्या सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेली सिनेगीते घरोघरी ऐकली गेली, तर ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडले. संतूर आणि बासरीबरोबरचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ चा संग्रह आजही ऐकला जातो. दांडा पकडायलाही अंगठा लागतो, तेव्हा तो हलका घ्यावा आणि आधी थोडा वेळच फिरवून पाहावा. त्यासाठी लगेच नवे वाद्य विकत घेण्याचीही गरज नाही. साध्या गिटारच्या मानेच्या टोकाशी, तारांखाली बसवायची एक छोटी धातूची पट्टी मिळते. तिने तारा वर उचलल्या जातात आणि कपाटावरची जुनी गिटारच मांडीवर घेता येते. नाहीच जमले, तर पट्टी काढून टाकायची.