वजडीला किती गुण?

'माझ्या आवडत्या हॉटेलातले जेवण' या विषयावरचे निबंध मी तपासतो आहे. पनीर, डोसा, पावभाजीला 'रुचकर', 'स्वादिष्ट' म्हणणाऱ्यांना भरघोस गुण. एकाने मात्र नाक्यावरच्या खानावळीतल्या वजडीबद्दल लिहिले : गरम पाण्यात खरवडून धुतलेली, तिखटात शिजवलेली, भाकरीने ताट पुसून खाल्लेली. सहकारी म्हणतात, हे अभिरुचीला धरून नाही, दोन गुण कापा.

कोणाची अभिरुची? अस्पृश्याच्या हातचे कोणी घेत नव्हते, तेव्हा कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम चहा घेत. त्याला शंभर वर्षे उलटली. सोवळे हॉटेलातून निघाले आणि उत्तरपत्रिकेत येऊन बसले. 'रुचकर' गाईडातून येते. 'खरवडून' लिहायला ते पाहिलेले असावे लागते. भाषेच्या पेपरात गुण यालाच द्यायचे असतात. मी कापणार नाही.