परीक्षागृहातली सवलत कचेरीत का नाही?

अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेत अधिक वेळ व लेखनिक यांची मुभा महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून दिली, आणि बुद्धी तल्लख असूनही अक्षरांनी ज्यांना सदैव दगा दिला अशी कित्येक मुले तिच्या आधाराने पुढे शिकली. त्यांतली कित्येक आज ऐरोली, महापे, बेलापूर येथील कचेऱ्यांत नोकरी करीत असतील. शाळेने ओळखलेली त्यांची अडचण कचेरीने मात्र ओळखीची मानू नये, हा मला उघड अन्याय वाटतो.

हीच गत स्वमग्न कर्मचाऱ्यांची. ठाणे-बेलापूर मार्गावरील एखाद्या कंपनीचे ते विस्तीर्ण, विनाभिंतींचे दालन पाहा: डोक्यावर वातानुकूलन यंत्राची अखंड घरघर, शेजारी दोघांचे फोन, आणि संध्याकाळी निघता निघता साहेबांनी उभ्या उभ्या तोंडी सांगितलेली पाच कामे. ज्या स्वमग्न इसमाच्या कानांना हे सर्व ध्वनी सारख्याच तीव्रतेने ऐकू येतात, तो त्या पाच कामांतली तीन विसरतो. आणि वर्षअखेरीस त्याच्या गोपनीय अहवालात ‘कामात लक्ष नाही’ असा शेरा पडतो. तीच कामे दोन ओळींत लिहून दिली असती, तर शेऱ्याचा प्रसंगच आला नसता.

कायदा याबाबत मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचा एकवीस प्रकारांत समावेश केला. त्याखालील २०१७ च्या नियमांनी वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस समान संधी धोरण आखून त्यात संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीची तरतूद करणे बंधनकारक केले. परंतु धोरणाचा मसुदा ज्याच्यासाठी करावयाचा, त्यालाच विचारल्यावाचून तो दप्तरी दाखल करण्याचा शिरस्ता सोडला नाही, तर तो कागदच राहणार. शिवाय अवधान-अस्थिरतेचे (एडीएचडी) नाव एकवीस प्रकारांच्या त्या यादीत नाही. तेव्हा केवळ दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर विसंबून चालणार नाही.

म्हणून माझी तजवीज अशी आहे. वाशीत दिव्यांगांसाठी ईटीसी केंद्र चालविणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेने बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या खारघर येथील प्रादेशिक केंद्राचे साहाय्य घेऊन या अडचणींचा अभ्यास प्रथम आपल्याच मुख्यालयात करावा. प्रमाणपत्र न मागता कर्मचाऱ्यांस विचारावे: कोठे बसल्यास काम नीट होते, सूचना कशी मिळाल्यास चुकत नाही, भरतीच्या वेळी मुलाखतीऐवजी कामाचा नमुना घेतला असता तर काय झाले असते? नंतर काही महिने त्यांनी सुचविलेले बदल करून आधीच्या व नंतरच्या कामाची तुलना करावी. ‘एकालाच सवलत का’ ही कुरबुर होईलच; पण लेखी सूचना सर्वांनाच मिळाव्यात, त्याने कोणाचेही नुकसान नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. हे जाबजबाब आस्थापना विभागाच्या हाती पडू नयेत, कारण बढतीचा कागद जेथून निघतो तेथे आपली अडचण सांगण्यास कोणीही धजावणार नाही. ते प्रादेशिक केंद्रातील तज्ज्ञांपाशीच राहावेत, आणि अहवाल आयुक्तांच्या मेजावर जाण्यापूर्वी ज्यांनी उत्तरे दिली त्यांना वाचावयास मिळावा.